खाच आणि टोक

दुरुस्तीचा लॅपटॉप टेबलावर आला की मुरलेला कारागीर आधी तो उलटा करतो. तळाशी आठ-दहा स्क्रू असतात, त्यांच्या डोक्यांवरून त्याची नजर फिरते. खाचांच्या कडा शाबूत असतील तर यंत्र कुणी उघडलेलं नाही, किंवा उघडणारा जाणता होता. एखाद्या स्क्रूच्या चौफुलीचा गोल खड्डा झालेला असेल तर घरात कुणीतरी व्हिडिओ बघून रॅम बदलायला बसलं होतं आणि हाताला लागेल त्या टोकाने पिळत राहिलं होतं. अशा वेळी मूळ काम पंधरा मिनिटांचं असलं तरी त्या एका स्क्रूपायी तास मोडतो. मजुरी गिऱ्हाइकालाच पडते.

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. इलेक्ट्रॉनिक्सच्या या दोन्ही बाजारांत बारीक स्क्रूड्रायव्हरचे सेट ढिगाने मिळतात. प्लास्टिकच्या डबीत तीस-बत्तीस टोकं आणि किंमत हॉटेलातल्या दोन थाळ्यांहून कमी. त्याच बाजारात, बहुधा काउंटरच्या आत ठेवलेला, एकाच टोकाचा जपानी किंवा जर्मन ड्रायव्हर त्या अख्ख्या डबीहून महाग असतो. नव्या माणसाला हा हिशेब उलटा वाटतो. दुरुस्तीवर पोट असणाऱ्याला तो बरोबर वाटतो, कारण त्याला रोज लागणारी टोकं चार-पाचच असतात आणि ती घसरली की भुर्दंड त्यालाच बसतो.

मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरा, गेमिंग कन्सोल यांसाठी हत्यार घेताना टोकांची संख्या दुय्यम असते. टोक खाचेत तळापर्यंत आणि चारही बाजूंनी बसतं का, एवढंच आधी बघायचं. पोलाद, मूठ, चुंबक, किंमत हे सगळं त्यानंतर.

तिरपी भिंत, सरळ भिंत

आपण ज्याला ‘स्टार’ किंवा ‘प्लस’ म्हणतो त्या चौफुलीचा जन्म अमेरिकेतला. पोर्टलंडच्या जॉन थॉम्पसनने खोलगट चौफुलीची कल्पना काढली, त्याच गावच्या हेन्री फिलिप्सने ती विकत घेतली, सुधारली आणि १९३६ मध्ये तिची पेटंटं मिळवली. अमेरिकन स्क्रू कंपनीने तो स्क्रू बनवला आणि जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक मोटारींवर तो लागला. जुन्या एकरेघी खाचेत ड्रायव्हर मध्यावर धरावा लागे. चौफुलीत टोक आपोआप मध्यावर बसतं. यंत्राने भराभर स्क्रू कसणाऱ्या कारखान्याला हेच हवं होतं.

पण फिलिप्सच्या खाचेच्या भिंती आतल्या बाजूला तिरप्या असतात. टोक निमुळतं, खाचही निमुळती. त्यामुळे जोर लावला की वळवण्याच्या ताकदीतला काही भाग टोकाला वर ढकलतो आणि टोक उसळून बाहेर येतं. मोटारीच्या मोठ्या स्क्रूवर हे खपून जातं. लॅपटॉपच्या स्क्रूचं डोकं मात्र तीन-चार मिलिमीटरचं आणि खाच त्याहून लहान. तिथे टोक दोनदा उसळलं की कडा गेल्या. म्हणून चौफुलीवर काम करताना पिळण्याआधी दाबायचं असतं. ड्रायव्हर उभा, सरळ, आणि दाब आधी.

या खाचेचे नंबर असतात. शून्यं जितकी जास्त तितकं टोक बारीक. डेस्कटॉप संगणकाच्या पेटीला पीएच २ लागतो. लॅपटॉपच्या तळाच्या झाकणाला बहुतेक वेळा पीएच ०, आतल्या कीबोर्डच्या किंवा पंख्याच्या बारीक स्क्रूंना पीएच ००, आणि मोबाइलच्या आत पीएच ०००. चष्म्याचा नंबर ‘जवळपासचा’ चालत नाही, तसंच हे आहे. पीएच ० च्या खाचेत पीएच ०० घातला तर तो आत जातो, फिरतोही, पण भिंतीला पूर्ण न टेकता फक्त कोपऱ्यांवर टेकतो आणि तेच कोपरे खातो. उलट पीएच १ घातला तर तो तळापर्यंत पोचतच नाही, वरच्या कडांवर तरंगतो. दोन्ही चुकांचा शेवट गोल खड्ड्यात होतो.

तपासायची रीत सोपी आहे. सुटा स्क्रू टोकावर बसवायचा आणि ड्रायव्हर आडवा धरायचा. चुंबक नसलेल्या टोकावरही स्क्रू टिकला आणि बोटाने हलवल्यावर डुगडुगला नाही, तर माप जमलं.

जपानी यंत्रांची गोष्ट थोडी वेगळी. जपानच्या औद्योगिक मानकातली चौफुली, म्हणजे जेआयएस, दिसायला फिलिप्ससारखीच असते. पण तिच्या कोनांत आणि कोपऱ्यांच्या गोलाईत फरक असतो. जेआयएसच्या खाचेत फिलिप्सचं टोक तळाला टेकण्याआधीच अडतं. उलट जेआयएसचं टोक फिलिप्सच्या खाचेत बऱ्यापैकी बसतं. अनेक जपानी स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, तो ओळखीची खूण. निकॉन-कॅननचे जुने कॅमेरे किंवा निन्तेन्दोचे कन्सोल उघडणाऱ्याने म्हणूनच एक जपानी ड्रायव्हर जवळ बाळगावा. ओसाकाची व्हेसल ही कंपनी १९१६ पासून या धंद्यात आहे.

तिरप्या भिंतीवर उपाय म्हणजे सरळ भिंत. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या कॅमकार कंपनीने टॉर्क्स ही सहा पाकळ्यांची खाच आणली. तिच्या भिंती उभ्या असतात, त्यामुळे जोर वळवण्यातच जातो आणि टोक वर फेकलं जात नाही. टी ३, टी ४, टी ५ ही तिची लॅपटॉप-मोबाइलमधली मापं. इथेही नंबर चुकला की पाकळ्या झिजतात, पण बरोबर टोक असेल तर टॉर्क्सचा स्क्रू चौफुलीपेक्षा कितीतरी जास्त वेळा उघडतो-मिटतो.

पाच पाकळ्यांचं कुलूप

स्क्रूचा आकार नेहमी सोयीसाठीच निवडला जातो असं नाही. २००९ च्या काही मॅकबुक प्रोंमध्ये बॅटरीवर पाच पाकळ्यांचा एक नवा स्क्रू दिसू लागला. पुढे मॅकबुक एअरच्या तळावर आणि आयफोन ४ च्या खालच्या कडेवर तो आला. त्याला पेंटालोब म्हणतात. तेव्हा हे टोक साध्या दुकानात मिळत नव्हतं. फोन आपला, पण तो उघडायची परवानगी आपल्याला नाही, असा त्याचा सरळ अर्थ होता.

कॅलिफोर्नियातल्या सॅन लुइस ओबिस्पो इथे काइल वीन्स आणि ल्यूक सूल्स या विद्यार्थ्यांनी २००३ मध्ये आयफिक्सिट सुरू केलं होतं. त्यांनी २०११ मध्ये आयफोनसाठी ‘लिबरेशन किट’ काढलं: पेंटालोबचं एक टोक, आणि ते स्क्रू काढल्यावर लावायला साधे चौफुलीचे दोन स्क्रू. आज पेंटालोबची टोकं लॅमिंग्टन रोडवर कुठेही मिळतात. आयफोनला पी २, मॅकबुक एअर आणि रेटिना मॅकबुकला पी ५, त्या जुन्या बॅटरीला पी ६. आयफोन ७ पासून आत तीन पाकळ्यांचा वाय ००० ही आला. निन्तेन्दो तर कितीतरी वर्षं आपल्या यंत्रांच्या बाहेरच्या अंगाला तीन पात्यांचा स्क्रू लावत आला आहे.

दुसऱ्या टोकाला फ्रेमवर्क आहे. निरव पटेल यांनी स्थापलेल्या या अमेरिकी कंपनीचा पहिला लॅपटॉप २०२१ मध्ये आला, आणि त्याच्या खोक्यातच टी ५ आणि पीएच ० या दोन्ही मापांना चालणारा एक स्क्रूड्रायव्हर होता. तळाचे स्क्रू झाकणातच अडकून राहतात, हरवत नाहीत. नेदरलँड्सच्या फेअरफोन कंपनीनेही आपल्या अनेक फोनना साधी चौफुली वापरली.

हा वाद आता कायद्यापर्यंत पोचला आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमांनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून वापरणाऱ्याला बहुतेक लहान उपकरणांतली बॅटरी बाजारात सहज मिळणाऱ्या हत्यारांनी काढता आली पाहिजे. खास हत्यार लागत असेल तर ते कंपनीने फुकट द्यायचं. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचं संकेतस्थळ सुरू झालं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं त्यात घेतली आहेत. हक्क कागदावर आला तरी तो बजावताना हातात नेमकं टोक लागतंच.

पोलाद आणि मूठ

स्वस्त टोक दोन तऱ्हांनी दगा देतं. पोलाद मऊ असेल तर टोक स्वतः पिळवटतं आणि गोल होतं. जास्त कडक करून ठेवलं असेल तर पाकळी टचकन तुटते आणि तुकडा खाचेत अडकतो. सेटवर ‘सीआर-व्ही’ लिहिलेलं असतं ते क्रोम-व्हॅनेडियम पोलाद, ‘एस २’ हे धक्का सोसणारं हत्यारांचं पोलाद. बारीक टोकांसाठी एस २ चांगलं, आणि चांगल्या टोकांची कठीणता रॉकवेल मापावर साधारण ५८ ते ६२ असते. मात्र नुसत्या शिक्क्यावर जाऊ नये. तेच पोलाद नीट तापवून, नीट थंड करून घडवलं नसेल तर शिक्क्याला अर्थ उरत नाही. शिवाय टोकावर क्रोमचा जाड चकचकीत मुलामा असेल तर त्याचं माप बदलतं आणि कडा बोथट होतात. म्हणून चांगल्या ड्रायव्हरचं टोक बहुधा काळं, न चमकणारं असतं.

दुकानात बघायचं ते असं. सोनाराचं भिंग असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलचा कॅमेरा मोठा करून टोक बघा. चारही पाती सारखी आहेत का, कडा स्वच्छ कापलेल्या आहेत का, कुठे धातूची कुसळं राहिलीत का. मग ड्रायव्हर बोटांत फिरवा. टोक एकाच जागी फिरलं पाहिजे. ते डोलत असेल तर दांडी वाकडी आहे. दांडीवर माप स्पष्ट कोरलेलं असावं. आणि जाताना आपल्या लॅपटॉपचा एक सुटा स्क्रू खिशात न्या. याहून चांगली परीक्षा नाही.

बारीक ड्रायव्हरच्या मुठीवर एक फिरती टोपी असते. तर्जनी तिच्यावर टेकवून दाबायचं आणि अंगठा-मधल्या बोटाने दांडा फिरवायचा, अशी ती सोय. टोपी अडकत असेल तर बोट घासतं आणि दाब डळमळतो. मुठीची जाडीही महत्त्वाची. बोटांचा जोर तोच ठेवून मुठीचा व्यास तिप्पट केला तर वळवण्याचं बळ तिप्पट होतं. पेन्सिलीएवढी मूठ बारीक स्क्रूला चांगली, कारण ती जास्त कसू देत नाही. पण कारखान्यात घट्ट बसवलेला तळाचा स्क्रू तिच्याने हलत नाही. जर्मनीतल्या वुपरटालच्या वेरा कंपनीने आपल्या लहान ड्रायव्हरांच्या मुठीला यासाठीच वेगवेगळ्या जाडीचे भाग दिले आहेत, एक भरभर फिरवायला, एक जोर लावायला.

एकसंध ड्रायव्हर घ्यावा की बदलत्या बिटांचा संच? संचात ४ मिलिमीटरच्या षट्कोनी बिटा एका मुठीत बसतात. जागा कमी, आकार भरपूर, आणि एखादी बिट झिजली तर तेवढीच बदलता येते. तोटे दोन. बिट आणि मूठ यांच्यात थोडी ढिलाई येते, ती अगदी बारीक स्क्रूवर जाणवते. आणि बिट धरणारी नळी जाड असल्याने खोल, अरुंद भोकातल्या स्क्रूपर्यंत ती पोचत नाही. तिथे बारीक, लांब दांडीचा एकसंध ड्रायव्हरच हवा. म्हणून रोजची मापं एकसंध आणि कधीमधी लागणारे आकार संचात, अशी विभागणी बरी पडते.

चुंबकी टोक सोयीचं असतं. दोन मिलिमीटरचा स्क्रू खोल भोकातून चिमट्याशिवाय वर येतो. पण लोखंडाचा कीसही त्याला चिकटतो, म्हणून टोक अधूनमधून पुसावं. लॅपटॉपमधल्या स्पीकरजवळही जपून, कारण तिथलं चुंबक स्क्रू खेचून नेतं. आणखी एक गैरसमज: ‘ईएसडी’ लिहिलेली मूठ अंगातली स्थिर वीज सावकाश उतरवण्यासाठी असते, विजेच्या झटक्यापासून वाचवण्यासाठी नाही. घरातल्या २३० व्होल्टच्या कामाला १००० व्होल्टचा व्हीडीई शिक्का असलेला वेगळा, इन्सुलेशनचा ड्रायव्हर लागतो. ही दोन हत्यारं एकमेकांच्या जागी कधीही वापरू नयेत.

किती पिळायचं

लॅपटॉपमधला एम २ स्क्रू म्हणजे २ मिलिमीटर व्यास. त्याच्या दोन आट्यांमधलं अंतर ०.४ मिलिमीटर. तीन मिलिमीटर लांबीचा स्क्रू सात-साडेसात फेऱ्यांत पूर्ण बसतो. त्यानंतरची प्रत्येक फेरी आट्यांवर जाते, आणि ते आटे बहुधा प्लास्टिकमध्ये रोवलेल्या पितळी बुशाचे असतात. बुश एकदा फिरू लागला की स्क्रू ‘फ्री’ होतो आणि झाकणाचा तो कोपरा कायमचा उघडा राहतो.

थिंकपॅडच्या दुरुस्ती-पुस्तिकेत यासाठी हाताने पाळता येईल असा नियम दिला आहे. प्लास्टिकवर प्लास्टिक बसवताना डोकं टेकल्यावर आणखी ९० अंश, म्हणजे पाव फेरी. सर्किट बोर्ड प्लास्टिकवर बसवताना आणखी १८० अंश, म्हणजे अर्धी फेरी. त्यापुढे नाही. याच पुस्तिकेत नायलॉनचा लेप असलेले स्क्रू एकदाच वापरायला सांगितलं आहे, कारण लेप गेला की ते कंपनांनी सैल होतात.

स्क्रू परत लावताना तो आधी उलटा, डावीकडे फिरवायचा. हलकासा ‘टक’ जाणवला की आटा आट्यात बसला, मग उजवीकडे. या एका सवयीने प्लास्टिकचे आटे वर्षानुवर्षं टिकतात. पेनासारखे इलेक्ट्रिक ड्रायव्हर मिळतात, ते सैल स्क्रू भरभर काढायला चांगले. पहिली सैल करणारी आणि शेवटची कसणारी फेरी मात्र हातानेच.

लांबीची चूक सर्वांत महाग पडते. एकाच झाकणाखाली ३, ५ आणि ८ मिलिमीटरचे स्क्रू असू शकतात. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर वरचा पृष्ठभाग फुगतो. आयफोनमध्ये तर तो सर्किट बोर्डाच्या आतल्या थरांतल्या तारा तोडतो आणि फोन पुन्हा सुरू होत नाही. उपाय कागदाचा आहे: यंत्राची बाह्याकृती कागदावर काढायची आणि काढलेला प्रत्येक स्क्रू त्याच जागी चिकटपट्टीने लावायचा.

अडलेला स्क्रू

कोकण-गोव्याच्या खारट, दमट हवेत स्क्रूच्या डोक्यावर गंज धरतो. इतर ठिकाणी कारखान्यात आट्यांना लावलेला निळा डिंक अडवतो. दोन्हींचा पहिला उपाय नवं, न झिजलेलं, अचूक टोक आणि सरळ दाब हाच. तरी हललं नाही तर सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक डोक्याला काही क्षण टेकवायचं. उष्णतेने डिंक मऊ होतो. मात्र बॅटरीजवळच्या स्क्रूला आयर्न लावायचं नाही. खाच गोल झाली असेल तर बारीक चकतीने डोक्यावर एक रेघ कापून चपटा ड्रायव्हर लावता येतो. तेही नाही तर डोकं उडवायचं, झाकण काढायचं आणि उरलेली दांडी पक्कडीने फिरवायची. ही कामं घरी शिकण्यासारखी नाहीत. पहिला उपाय फसला की यंत्र कारागिराकडे न्यावं. खाच जितकी कमी खाल्लेली, तितकं त्याचं काम सोपं.

काय घ्यावं

महाराष्ट्रातल्या घरगुती पेटीत टपारियाची हत्यारं असतात; नाशिकच्या सातपूरमधली ही कंपनी १९६९ पासून, आधी स्वीडिश सहकार्याने, हातहत्यारं बनवते. पंख्याला, स्विचबोर्डाला ती पुरेशी आहेत. लॅपटॉपच्या मापांसाठी वेगळी सोय करावी लागते.

फक्त विंडोज लॅपटॉप असेल तर पीएच ००, पीएच ० आणि पीएच १ ही तीन चांगली एकसंध टोकं आणि एक टी ५ पुरे. मॅकबुक असेल तर पी ५ वाढवा. मोबाइल उघडायचा असेल तर पीएच ०००, आयफोनसाठी पी २ आणि वाय ०००. जर्मनीची विहा आणि वेरा, स्वित्झर्लंडची पीबी स्विस, जपानची व्हेसल या नावांवर डोळे मिटून विसंबता येतं. बिटांचा संच हवा असेल तर आयफिक्सिटचा. सगळं एकदम घेऊ नका. आज जे यंत्र उघडायचं आहे त्याची दुरुस्ती-पुस्तिका वाचा, तिच्यात लिहिलेली मापं तेवढी घ्या. वॉरंटी चालू असेल तर आधी तिच्या अटी बघा. झाकण उघडल्यावर पहिलं काम बॅटरीची जोडणी सोडवणं. बॅटरी फुगलेली दिसली तर ड्रायव्हर खाली ठेवा आणि ती जाणकाराकडे न्या. लिथियमच्या पाकिटाला पोलादी टोक लागलं तर आग लागू शकते.

तीस टोकांची डबी फेकू नका, खेळण्याच्या सेलच्या झाकणाला ती चालेल. पण ज्या यंत्रात तुमची कामं, फोटो आणि हिशेब आहेत त्याच्या स्क्रूला चांगलंच टोक लावा. तीन-चार नेमके ड्रायव्हर आज महाग वाटतील. एका बिघडलेल्या स्क्रूच्या मजुरीपेक्षा ते स्वस्तच पडतात.